ऑगस्टस डी मॉर्गन

ऑगस्टस डी मॉर्गन (२७ जून, इ.स. १८०६:मदुराई, मद्रास प्रांत - १८ मार्च, इ.स. १८७१:लंडन, इंग्लंड) हे ब्रिटिश गणितज्ञ, तर्कशास्त्रज्ञ आणि गणिताचे प्राध्यापक होते. संच सिद्धान्त व तर्कशास्त्रातील डी मॉर्गन यांचे नियम त्यांच्या नावाने ओळखले जातात. लंडन विद्यापीठाचे (नंतरचे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) ते गणिताचे पहिले प्राध्यापक होते आणि मधला पाच वर्षांचा खंड वगळता त्यांनी तेथे सुमारे तीस वर्षे अध्यापन केले. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते.

गणितातील संशोधनाइतकीच डी मॉर्गन यांची ख्याती शिक्षक म्हणून होती. विद्यार्थ्याच्या हातून झालेली चूक ही आकडेमोडीतील निष्काळजीपणाची आहे की मूळ कल्पनाच न समजल्याची आहे, हा भेद ते उत्तरपत्रिका तपासताना काटेकोरपणे पाळत आणि दोन्हींना निरनिराळ्या रीतीने हाताळत. चुकीच्या विचाराचे स्वरूप काय असते, हा प्रश्न त्यांच्या पाठ्यपुस्तकांतून, तर्कशास्त्रावरील ग्रंथांतून आणि पत्रव्यवहारातून सतत येत राहतो.

बालपण

डी मॉर्गन यांचा जन्म तमिळनाडूतील मदुराई येथे झाला. त्यांचे वडील जॉन डी मॉर्गन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. आई एलिझाबेथ या जेम्स डॉडसन यांच्या वंशातील होत्या. डॉडसन यांनी इ.स. १७४२ मध्ये प्रतिलॉगरिथमची कोष्टके प्रसिद्ध केली होती. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ऑगस्टस यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. ते सात महिन्यांचे असताना कुटुंब इंग्लंडला परतले. ते दहा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले.

एका डोळ्याने दिसत नसल्यामुळे त्यांना शाळेत इतर मुलांबरोबर खेळता येत नसे आणि सोबत्यांकडून त्यांची चेष्टाही होई. त्यांनी अनेक खासगी शाळांतून शिक्षण घेतले. मात्र त्यांची गणितातील गती वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही. त्या सुमारास ते एकदा पट्टी व कंपास घेऊन युक्लिडच्या भूमितीतील एक आकृती अतिशय नेटकेपणाने काढत बसले होते. कुटुंबाच्या परिचयातील एका गृहस्थांनी चौकशी केली, तेव्हा आपण गणित काढत आहोत, असे त्यांनी सांगितले. हे गणित नव्हे, असे म्हणून त्या गृहस्थांनी त्यांना जवळ बसवले आणि आकृतीमागील सिद्धता समजावून दिली. आकृती सुबक येणे हा युक्लिडच्या ग्रंथाचा हेतू नसून विधान सिद्ध करणे हा हेतू आहे, हे त्यांना तेव्हा प्रथमच कळले. त्यांच्या पत्नीने लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग नोंदवलेला आहे.

केंब्रिजमधील शिक्षण

इ.स. १८२३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, डी मॉर्गन यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. जॉर्ज पीकॉक आणि विल्यम ह्यूवेल यांचे मार्गदर्शन त्यांना तेथे लाभले. बीजगणितातील चिन्हांचा अर्थ काय आणि त्यांचे नियम कशावर आधारलेले आहेत, या प्रश्नांची गोडी त्यांना पीकॉक यांच्यामुळे लागली. ते उत्तम बासरीवादक होते आणि विद्यार्थिदशेत संगीत मंडळींत त्यांना मागणी असे.

केंब्रिजची गणिताची परीक्षा त्या काळी अत्यंत चुरशीची असे. तीत प्रथम वर्गात उत्तीर्ण होणाऱ्यांना रँग्लर म्हणत. पुढे इ.स. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी सीनियर रँग्लरचा मान मिळवल्यापासून हा शब्द महाराष्ट्रात परिचित झाला. डी मॉर्गन इ.स. १८२७ मध्ये या परीक्षेत चौथे आले. नेमलेल्या अभ्यासक्रमाबाहेरचे वाचन ते पुष्कळ करत. वेगाने उत्तरे लिहिण्याच्या स्पर्धेतून विद्यार्थ्याची खरी समज कळत नाही, हे त्यांचे मत पुढे आयुष्यभर कायम राहिले.

एम.ए.च्या पदवीसाठी त्या वेळी चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्ममतांना मान्यता देणाऱ्या निवेदनावर सही करावी लागे. डी मॉर्गन यांनी ती करण्यास नकार दिला. त्यामुळे त्यांना पुढची पदवी मिळाली नाही आणि केंब्रिजमध्ये फेलो होण्याचा मार्गही बंद झाला. काही काळ त्यांनी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास केला.

लंडन विद्यापीठातील कारकीर्द

धर्माची अट न घालता सर्वांना उच्च शिक्षण द्यावे, या हेतूने इ.स. १८२६ मध्ये लंडन विद्यापीठाची स्थापना झाली होती. इ.स. १८२८ मध्ये डी मॉर्गन यांची तेथे गणिताचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. त्यांचे पहिले व्याख्यान गणिताच्या अभ्यासाविषयीच होते.

इ.स. १८३१ मध्ये विद्यापीठाच्या व्यवस्थापनाने शरीररचनाशास्त्राच्या एका प्राध्यापकांना पदावरून दूर केले. प्राध्यापकाला अशा रीतीने काढून टाकण्याचा अधिकार व्यवस्थापनाला असू नये, या तत्त्वावर डी मॉर्गन यांनी राजीनामा दिला. पुढील पाच वर्षे त्यांनी खासगी शिकवण्या आणि लेखन यांवर उदरनिर्वाह केला. इ.स. १८३६ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या प्राध्यापकांचा बुडून मृत्यू झाला, तेव्हा ते पुन्हा रुजू झाले आणि इ.स. १८६६ पर्यंत त्या पदावर राहिले.

इ.स. १८३७ मध्ये त्यांचा विवाह सोफिया फ्रेंड यांच्याशी झाला. चित्रित फरश्या व मातीकामासाठी प्रसिद्ध असलेले कलावंत आणि कादंबरीकार विल्यम डी मॉर्गन हे त्यांचे पुत्र होत.

अध्यापनपद्धती

डी मॉर्गन वर्षभर चार वर्ग चालवत. प्रत्येक वर्गाला आठवड्याला तीन तास असत, म्हणजे रोज दोन तास ते व्याख्यान देत. याशिवाय वर्षातील काही काळ शाळामास्तरांसाठी संध्याकाळचा वर्गही ते घेत. हाताशी मोजकी टिपणे ठेवून ते बोलत आणि लांबलचक सिद्धताही स्मरणाने, बिनचूक मांडत.

केवळ व्याख्यान दिल्याने प्राध्यापकाचे कर्तव्य पूर्ण होते, असे ते मानत नसत. त्यांच्या माजी विद्यार्थ्याने लिहिलेल्या आठवणींत त्यांच्या पद्धतीचे तपशीलवार वर्णन आढळते. प्रत्येक तासाच्या शेवटी ते त्या दिवशीच्या विषयावरील काही उदाहरणे देत. विद्यार्थ्यांनी ती सोडवून आणायची आणि डी मॉर्गन यांनी पुढच्या तासापूर्वी ती तपासून परत द्यायची, असा नेम होता. तपासताना ते तीन गोष्टी वेगळ्या करत:

पहिली, बरोबर सोडवलेले उदाहरण. त्यापुढे ते बरोबरची खूण करत.

दुसरी, आकडेमोडीत किंवा लिहिण्यात झालेली साधी चूक. ती खोडून तेथेच ते योग्य दुरुस्ती लिहीत. तिच्यावर अधिक चर्चा करत नसत.

तिसरी, तत्त्व न समजल्यामुळे झालेली चूक. अशा ठिकाणी ते उत्तर दुरुस्त करून देत नसत. विद्यार्थ्याने ते उदाहरण घेऊन आपल्याला दाखवायला यावे, एवढीच सूचना ते वहीवर लिहीत. तास संपल्यावर तो विद्यार्थी व्यासपीठापाशी जाई. मग डी मॉर्गन त्याच्याशी एकट्याशी बोलून तो मुद्दा पुन्हा पायरीपायरीने पाहत आणि नेमके कोठे अडले आहे हे शोधून ते दूर करण्याचा प्रयत्न करत.

या वर्गीकरणाचा अर्थ एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. एखाद्या लांब गुणाकारात विद्यार्थ्याने सात अठ्ठे छप्पन्नऐवजी चौपन्न लिहिले, तर त्याला गुणाकार येत नाही असे म्हणता येत नाही. आकडा दुरुस्त केला की पुरते. पण एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश लिहिली असेल, तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याचा एक नियमच त्याने मनाशी धरलेला असतो. खोडून पाच षष्ठांश लिहून दिल्याने तो नियम त्याच्या मनातून जात नाही. पुढच्या उदाहरणात तो पुन्हा वापरला जातो. निम्म्यामध्ये भर घातल्यावर उत्तर निम्म्याहून कमी कसे आले, असे विचारल्यावर मात्र विद्यार्थ्याला स्वतःच्या नियमाकडे परत पाहावे लागते. त्यासाठी त्याने आपला विचार बोलून दाखवणे आवश्यक ठरते.

या पद्धतीत श्रम फार होते. वर्गातील विद्यार्थ्यांची संख्या पुष्कळदा शंभराहून अधिक असे आणि सर्वांच्या वह्या डी मॉर्गन स्वतः तपासत. तत्त्वाची चूक सर्व वर्गासमोर न सांगता विद्यार्थ्याशी खासगीत बोलून समजावण्याची त्यांची रीत होती, हेही या आठवणींत नमूद आहे.

घोकंपट्टीचा त्यांना तिटकारा होता. वार्षिक परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात अनेक विद्यार्थी रोजची उदाहरणे सोडवून आणेनासे झाले, तेव्हा ते परीक्षेसाठी पाठांतर करत असल्याचे आपल्याला ठाऊक आहे आणि पाठांतराचा काहीही उपयोग होणार नाही अशीच प्रश्नपत्रिका आपण काढणार आहोत, असे त्यांनी वर्गात सुनावले होते. रोजच्या वहीत झालेली चूक त्यांना उपयोगी वाटे, कारण तिच्यातून विद्यार्थी कसा विचार करतो ते दिसे. पाठ केलेल्या बरोबर उत्तरातून तसे काही दिसत नसे.

शिक्षणविषयक लेखन

इ.स. १८३० मध्ये डी मॉर्गन यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. त्या काळातील बहुतेक अंकगणिते नियम आणि त्याखाली उदाहरणे अशा स्वरूपाची असत. नियम का खरा आहे हे क्वचितच सांगितले जाई. डी मॉर्गन यांनी मोजणी आणि अंकस्थान यांपासून सुरुवात करून प्रत्येक नियमाची कारणे दिली. या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

इ.स. १८३१ मध्ये उपयुक्त ज्ञानाच्या प्रसारासाठी स्थापन झालेल्या लंडनमधील एका संस्थेने गणिताचा अभ्यास व त्यातील अडचणी या विषयावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. शिक्षकाशिवाय शिकणारे विद्यार्थी आणि शिकवणारे शिक्षक, अशा दोघांसाठी ते लिहिले होते. अपूर्णांक, दशांश, बीजगणितातील चिन्हे, ऋण संख्या, भूमितीतील सिद्धता अशा ज्या ज्या ठिकाणी विद्यार्थी हमखास अडखळतो, त्या ठिकाणी थांबून अडखळण्याचे कारण त्यांनी सांगितले आहे. त्याच सुमारास शिक्षणविषयक त्रैमासिकात त्यांनी गणिताच्या अध्यापनावर अनेक लेख लिहिले. ‘पेनी सायक्लोपीडिया’ या स्वस्त विश्वकोशासाठी त्यांनी शेकडो नोंदी लिहिल्या. गणिती विगमन ही संज्ञा रूढ होण्यास त्यातील इ.स. १८३८ ची त्यांची नोंद कारणीभूत ठरली.

ऋण संख्यांचा प्रश्न

उत्तर ऋण आले, तर गणित चुकले असे समजावे काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये गंभीरपणे चर्चिला जात होता. डी मॉर्गन यांचे सासरे विल्यम फ्रेंड यांनी आपल्या बीजगणितात शून्यापेक्षा लहान संख्यांची कल्पनाच अमान्य केली होती.

इ.स. १८३१ च्या पुस्तकात डी मॉर्गन यांनी यासाठी एक उदाहरण घेतले आहे. वडिलांचे वय ५६ आणि मुलाचे २९ आहे. किती वर्षांनी वडिलांचे वय मुलाच्या दुप्पट होईल? क्ष वर्षांनी असे धरल्यास २(२९ + क्ष) = ५६ + क्ष हे समीकरण मिळते आणि क्ष = -२ असे उत्तर येते. आकडेमोडीत कोठेही चूक नाही, तरी उणे दोन वर्षांनी या शब्दांना अर्थ नाही. डी मॉर्गन यांच्या मते येथे चूक प्रश्न मांडण्यात आहे. वडिलांचे वय मुलाच्या दुप्पट पुढे होईल असे आपण गृहीत धरले. वास्तविक ते दोन वर्षांपूर्वीच, म्हणजे वडील ५४ आणि मुलगा २७ वर्षांचा असताना होऊन गेले आहे. किती वर्षांपूर्वी असा प्रश्न बदलून समीकरण पुन्हा मांडले की उत्तर दोन येते.

अशा प्रकारे न पटणारे उत्तर फेकून न देता ते आपल्या गृहीतकाविषयी काय सांगते ते पाहावे, असे हे उदाहरण शिकवते. त्या वेळी डी मॉर्गन यांना ऋण आणि काल्पनिक राशी या दोन्ही मांडणीतील विसंगतीच्या खुणा वाटत. पुढे त्यांचे मत बदलत गेले. इ.स. १८४९ च्या त्रिकोणमिती व द्विविध बीजगणितावरील ग्रंथात त्यांनी संमिश्र संख्यांचा भूमितीच्या साहाय्याने अर्थ लावला आणि बीजगणिताचे नियम चिन्हांच्या अर्थापासून वेगळे मांडले. अमूर्त बीजगणिताच्या विकासातील हा एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

एडा लव्हलेस यांना पत्राद्वारे अध्यापन

कवी लॉर्ड बायरन यांच्या कन्या एडा लव्हलेस यांनी इ.स. १८४० मध्ये डी मॉर्गन यांच्याकडे पत्राद्वारे उच्च गणिताचा अभ्यास सुरू केला. स्त्रियांना त्या काळी इंग्लंडच्या विद्यापीठांत प्रवेश नव्हता. लव्हलेस या डी मॉर्गन यांच्या कलनशास्त्रावरील पुस्तकाचे भाग वाचत, अडलेल्या जागा आणि आपले प्रयत्न लिहून पाठवत आणि डी मॉर्गन मुद्देसूद उत्तरे देत. हा पत्रव्यवहार ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जतन केलेला आहे.

लव्हलेस यांच्या पत्रांत अनेक चुका आढळतात. बीजगणितातील काही रूपांतरे त्यांना जमत नसत आणि फलनांची समीकरणे त्यांना विशेष जड गेली. त्याचबरोबर एखादी पायरी खरोखर सिद्ध झाली आहे काय, असे प्रश्नही त्या वारंवार उपस्थित करत. डी मॉर्गन साध्या चुका थोडक्यात दुरुस्त करत आणि मूलभूत शंकांवर सविस्तर लिहीत. पुढे धावण्याची घाई करू नये, असेही ते सुचवत.

विसाव्या शतकातील काही अभ्यासकांनी या चुकांवरून लव्हलेस यांना गणित फारसे येत नव्हते, असा निष्कर्ष काढला होता. इ.स. २०१७ मध्ये गणिताच्या इतिहासकारांनी संपूर्ण पत्रव्यवहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात, या चुका नव्याने विषय शिकणाऱ्या व्यक्तीच्या असून त्यांची प्रगती वेगाने झाली, असे मत मांडले आहे. पुढे इ.स. १८४३ मध्ये चार्ल्स बॅबेज यांच्या विश्लेषक यंत्रावरील लव्हलेस यांच्या टिपा प्रसिद्ध झाल्या.

डी मॉर्गन यांचे स्वतःचे मत दुहेरी होते. इ.स. १८४४ मध्ये लेडी बायरन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी लव्हलेस यांच्या बुद्धिमत्तेविषयी फार उच्च अभिप्राय दिला. मात्र अशा अभ्यासाचा ताण स्त्रीच्या शरीराला सोसणार नाही, अशी भीतीही व्यक्त केली. हा अभिप्राय त्यांनी लव्हलेस यांना स्वतः कळवला नव्हता. चुकांच्या बाबतीत विद्यार्थ्याशी मोकळेपणाने बोलणारे डी मॉर्गन येथे मात्र आपल्या काळातील समजुतींना अपवाद ठरले नाहीत.

मास्तर रामचंद्र यांच्या ग्रंथाचा पुरस्कार

दिल्ली कॉलेजातील शिक्षक मास्तर रामचंद्र यांनी महत्तम आणि लघुतम मूल्यांचे प्रश्न कलनशास्त्राचा वापर न करता केवळ बीजगणिताने सोडवण्यासंबंधी एक ग्रंथ लिहून इ.स. १८५० मध्ये कलकत्त्यात स्वखर्चाने छापला होता. कलकत्त्यातील एका नियतकालिकाने त्याच्यावर प्रतिकूल टीका केली. कलनाने हे प्रश्न सहज सुटत असताना असा खटाटोप कशाला, असा सर्वसाधारण आक्षेप होता. ड्रिंकवॉटर बेथ्यून यांनी ग्रंथाच्या प्रती लंडनला डी मॉर्गन यांच्याकडे पाठवल्या.

डी मॉर्गन यांनी ग्रंथाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. युरोपीय पाठ्यपुस्तकांची नक्कल न करता रामचंद्र यांनी भारतात पूर्वापार चालत आलेल्या बीजगणिताच्या परंपरेतून वाट काढली आहे आणि भारतीयांची स्वतंत्र विचारशक्ती जागी होण्यास असे प्रयत्न उपकारक आहेत, असे त्यांचे मत झाले. त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे शिफारस केली. रामचंद्र यांना रोख बक्षीस व खिलत देण्यात आली आणि इ.स. १८५९ मध्ये डी मॉर्गन यांच्या देखरेखीखाली, त्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह, ग्रंथाची लंडन आवृत्ती निघाली.

तर्कशास्त्र आणि चुकांचा विचार

जॉर्ज बूल यांच्याबरोबरीने डी मॉर्गन यांना आधुनिक प्रतीकात्मक तर्कशास्त्राच्या प्रवर्तकांत गणले जाते. त्यांचा औपचारिक तर्कशास्त्रावरील ग्रंथ इ.स. १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांनुसार, ‘अ आणि ब’ याचा नकार म्हणजे ‘अ नाही किंवा ब नाही’ आणि ‘अ किंवा ब’ याचा नकार म्हणजे ‘अ नाही आणि ब नाही’ असा होतो. संगणकाच्या मंडलांची रचना आणि प्रोग्रॅमिंग यांत हे नियम नित्य वापरले जातात. संबंधांच्या तर्कशास्त्राचा पायाही त्यांनी घातला.

या ग्रंथात तर्कदोषांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. माणूस किती प्रकारांनी चुकू शकतो याचे संपूर्ण वर्गीकरण उपलब्ध नाही आणि ते कधी करता येईल की नाही याचीही शंकाच आहे, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. बरोबर तर्काचे नियम मोजके असतात, चुकण्याच्या वाटा मात्र मोजता येत नाहीत. म्हणून तत्त्वाच्या चुकीसाठी तयार उतारा न देता विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेण्याच्या त्यांच्या पद्धतीशी हे मत सुसंगत आहे.

चार रंगांचा प्रश्न

२३ ऑक्टोबर, इ.स. १८५२ रोजी फ्रेडरिक गथ्री या विद्यार्थ्याने डी मॉर्गन यांना एक प्रश्न विचारला. नकाशातील शेजारचे प्रदेश वेगळ्या रंगाचे ठेवायचे असतील, तर कोणत्याही नकाशाला चारच रंग पुरतात, हे कशावरून? मूळ प्रश्न त्याचे बंधू फ्रान्सिस गथ्री यांचा होता. डी मॉर्गन यांना उत्तर देता आले नाही. असे काही सत्य आहे हेच आपल्याला ठाऊक नव्हते, असे मान्य करून त्यांनी त्याच दिवशी डब्लिनमधील विल्यम रोवन हॅमिल्टन यांना पत्र लिहिले. हॅमिल्टन यांनी या प्रश्नात लक्ष घातले नाही, परंतु डी मॉर्गन यांनी तो इतर गणितज्ञांपुढे मांडत ठेवला. इ.स. १९७६ मध्ये केनेथ अपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी संगणकाच्या साहाय्याने चार रंगांचे प्रमेय सिद्ध केले. एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाची शिक्षकाने घेतलेली दखल हा या प्रमेयाच्या इतिहासातील पहिला लेखी पुरावा आहे.

वर्तुळाचा चौरस करणारे लोक

डी मॉर्गन यांच्याकडे वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस काढल्याचा किंवा पायचे नेमके मूल्य सापडल्याचा दावा करणारे अनेक लोक येत. लिव्हरपूलचे जेम्स स्मिथ हे पायचे मूल्य तीन पूर्णांक एक अष्टमांश असल्याचे ठासून सांगत. अशा लेखनाची परीक्षणे डी मॉर्गन यांनी ‘अथेनियम’ या साप्ताहिकातून लिहिली. त्यांच्या मृत्यूनंतर इ.स. १८७२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. या लेखनात उपहास भरपूर आहे. वर्गात चुकणारा विद्यार्थी आपली पायरी दाखवायला आणि तपासू द्यायला तयार असतो; हे लेखक मात्र सिद्धतेतील दोष दाखवूनही ते पाहण्यास नकार देत. डी मॉर्गन यांचा रोष चुकीपेक्षा या नकारावर अधिक होता.

राजीनामा आणि अखेरचे दिवस

इ.स. १८६५ मध्ये डी मॉर्गन यांचे पुत्र जॉर्ज आणि आर्थर रेनयार्ड यांच्या पुढाकाराने लंडन मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन झाली आणि डी मॉर्गन तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढील वर्षी कॉलेजातील तर्कशास्त्र व मानसशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी जेम्स मार्टिनो यांचे नाव पुढे आले. ते युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक असल्यामुळे त्यांना डावलण्यात आले. धर्मावरून भेद न करण्याच्या ज्या तत्त्वावर कॉलेज उभे होते, तेच मोडले गेले असे मानून डी मॉर्गन यांनी राजीनामा दिला. माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजात लावण्यासाठी त्यांचे चित्र काढून घेण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा आपण ज्या कॉलेजाची सेवा केली ते आता उरलेले नाही, या कारणाने त्यांनी नकार दिला.

इ.स. १८६७ मध्ये जॉर्ज यांचे आणि त्यानंतर एका कन्येचे निधन झाले. या आघातांनी डी मॉर्गन यांची प्रकृती खालावली. १८ मार्च, इ.स. १८७१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांनी कधीही घेतले नाही आणि एडिंबरा विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवीही नाकारली होती. गणिताच्या जुन्या पुस्तकांचा त्यांचा मोठा संग्रह लंडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. इ.स. १८८२ मध्ये सोफिया डी मॉर्गन यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

वारसा

जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर, अर्थशास्त्रज्ञ व तर्कशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स, केंब्रिजमधील नामवंत शिक्षक एडवर्ड राऊथ आणि पाठ्यपुस्तककार आयझॅक टॉडहंटर हे त्यांचे विद्यार्थी होते. टॉडहंटर शाळेत नोकरी करत असताना संध्याकाळच्या वर्गांना येत. पुढे त्यांची गणिताची पुस्तके ब्रिटिश भारतातील शाळा-महाविद्यालयांतही मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. जेव्हन्स यांनी डी मॉर्गन यांना गणिताचे अतुलनीय शिक्षक मानले आहे.

लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीतर्फे इ.स. १८८४ पासून दर तीन वर्षांनी डी मॉर्गन पदक दिले जाते. पहिले पदक आर्थर केली यांना मिळाले. चंद्रावरील एका विवरालाही डी मॉर्गन यांचे नाव देण्यात आले आहे. विद्यार्थ्याची चूक केवळ गुण कापण्यासाठी न वापरता तिच्यामागील विचार समजून घ्यावा, हे तत्त्व आज गणिताच्या शिक्षकप्रशिक्षणात सर्वमान्य आहे. एका मोठ्या वर्गात ते वर्षानुवर्षे, रोजच्या वह्यांतून पाळल्याचे प्रारंभीच्या काळातील एक तपशीलवार नोंदलेले उदाहरण म्हणून डी मॉर्गन यांच्या अध्यापनाकडे पाहता येते.